पात्यातला प्ले

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस हातात आलेली वस्तू आधी हलवून बघतो. व्हाइसचा जबडा असो, नाहीतर मोटरसायकलचं मागचं चाक. घडीचा चाकू दिला तरी धार बघण्याआधी तो पातं डावी-उजवीकडे डुलवतो आणि निकाल देतो, "प्ले हाय की ह्यात." असणारच. प्ले म्हणजे जोडातली मोकळीक. ती थोडीही नसेल तर जोड फिरायचाच नाही. ती किती आणि कुठल्या दिशेला, हे बघायचं.

पण निकाल द्यायच्या आधी चाकू धुवायला हवा. ऊस सोलून, गुळाचा खडा कापून तसाच खिशात गेलेल्या चाकूच्या जोडात साखर वाळून बसते आणि ढिलं पातं नव्यासारखं घट्ट वाटतं. वरून तेल सोडून उपयोग नाही. गूळ तेलात विरघळत नाही, त्याला कोमट पाणीच लागतं. धुवा, पूर्ण वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका, पातं वीसेक वेळा उघडमीट करा. मग दिसेल तो खरा प्ले.

आता पातं पूर्ण उघडा. एका हातात मूठ, दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याच्या सपाट बाजू, बोटं पाठीकडून. हलकेच आडवं हलवा. जोर लावलात तर पातळ पातं स्वतःच वाकतं आणि बोल जोडाला लागतो. म्हणून मुठीकडच्या हाताचा अंगठा पातं आणि मूठ मिळतात तिथं ठेवावा. तिथं टक जाणवली तर प्ले. नाही जाणवली तर पात्याचा लवचिकपणा. टोकाकडे बघून घाबरू नये. 8 मिमी व्यासाच्या वॉशरपाशी 0.05 मिमी फट असली, तरी 80 मिमी लांब पात्याचं टोक अर्धा मिलिमीटर हलतं. पेरू कापताना ते कळतही नाही.

आडव्या प्लेला इलाज सोपा. जोडाला स्क्रू असेल तर एका वेळी एक अष्टमांश फेरा आवळावा. पातं जड झालं की थोडं मागे यावं. फॉस्फर ब्राँझचे वॉशर सुरुवातीला बसतात, त्यामुळे नवा चाकूही एकदा आवळावा लागतो. स्क्रू सारखाच सुटत असेल तर आट्यांवरचं तेल पुसून निळ्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, बारीक थेंब, आणि 24 तास हात लावायचा नाही. रिव्हेटचा चाकू ऐरणीवर ठोकताना पातं आणि मुठीच्या पत्र्यामध्ये 0.05 मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवावी, डोक्याच्या कडेकडेनं हलके घाव घालावेत आणि दर दोन घावांना पातं फिरवून बघावं. एकच जोरकस घाव घालणारे पुढं तोच रिव्हेट ड्रिलनं काढत बसतात.

उभ्या प्लेकडे मात्र काणाडोळा नको. लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी अडण, बसलेलं असताना पातं पाठीकडून दाबलं की हललं, तर स्क्रू कितीही आवळा, जाणार नाही. स्क्रू मुठीच्या दोन बाजू जवळ आणतो. ही फट पातं ज्यावर फिरतं ती पिन आणि तिच्या भोकात असते, नाहीतर लॉक आणि पात्याच्या बुडात. तपासताना बोटं धारेच्या वाटेत नकोत. आणि ज्याला लॉकच नाही, नुसती स्प्रिंग आहे, त्या चाकूच्या पाठीवर दाब देऊच नये. मुठीच्या पाठीला लॉक असेल तर आधी पात्याच्या बुडाची खाच टाचणीनं कोरावी, कारण खिशातला कचरा लॉकचा दात तिच्यात पूर्ण बसू देत नाही. एवढं करूनही बारीकशी हालचाल राहिली, तर या प्रकारात ती चालते असं माझं मत. लायनर लॉकमध्ये, म्हणजे मुठीच्या आतली पट्टी बाजूनं सरकून पात्याच्या बुडाला अडते त्यात, नाही चालत. ती पट्टी झिजत पात्याच्या पलीकडच्या कडेला टेकली की पुढं सरकायला जागा उरत नाही. मग जाड स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिला टेकून थांबतं ती) बसवायची, आणि तोवर टोक खुपसायची कामं दुसऱ्या चाकूनं.

लाकडी मुठीचा निकाल पावसाळ्यात देऊ नये. जोसेफ ओपिनेलनं 1890 मध्ये फ्रान्समधल्या साव्वा भागात घडवलेला चाकू आजही लाकडी मुठीत येतो. कोल्हापूरच्या जुलैत लाकूड फुगतं, पातं नखानं हलत नाही. तेव्हा मुठीची खाच घासून रुंद केली तर उन्हाळ्यात लाकूड आटल्यावर पातं खुळखुळेल. मूठ कोरड्या जागी ठेवून वाट बघावी, जोडाला किंचित मेण लावावं.