दुपारी दोननंतरच अडणारी क्रेन

चाकण एमआयडीसीतल्या एका गोदामातून एप्रिलच्या अखेरीस रोज फोन यायला लागला, आणि तोही दुपारीच. तिसऱ्या गल्लीतली स्टॅकर क्रेन वरच्या लेव्हलला पॅलेट, म्हणजे माल रचलेली लाकडी चौकट, ठेवताना ट्रिप होते, म्हणून. शेवटी मी लॅपटॉप उचलून निघालो. तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत क्रेन पुन्हा अडलेली होती.

रॅक २४ मीटर उंच. दोन्ही बाजूंनी कप्पे, मधे जेमतेम दीड मीटरची गल्ली. क्रेन खालच्या रुळावर धावते, मास्टवरून, म्हणजे तिच्या उभ्या खांबावरून, कॅरेज वर चढते आणि कॅरेजमधला फोर्क बाहेर येऊन पॅलेट कप्प्यात ठेवतो. फोर्क पूर्ण आत आल्याशिवाय क्रेनला जागचं हलता येत नाही, तसं इंटरलॉक असतं आणि ते हवंच. पण अर्धवट बाहेर आलेला फोर्क अडकला की त्या गल्लीतला सगळा माल कोंडला जातो. त्या दिवशी तिथल्या गिअरबॉक्स हाउसिंगची संध्याकाळच्या असेंब्ली लाइनला गरज होती. स्टोअरचे मॅनेजर काचेच्या खोलीत बसून दर पाच मिनिटांनी कोणाला तरी फोनवर समजावत होते.

फोर्कची मोटर चालवणारा ड्राइव्ह आधीच बदलून झाला होता. फोर्कची चेन, रोलर, केबल, सगळं तपासलेलं. अलार्म मात्र तोच: फोर्कचा टॉर्क मर्यादेबाहेर, म्हणजे फोर्क सरकवायला मोटरला नको इतका जोर लागतोय.

धागा दिला तो मेंटेनन्सच्या काकांनी. त्यांची एक लाल बांधणीची वही आहे. प्रत्येक ब्रेकडाउनची वेळ, कप्पा, पॅलेट कोणतं, सगळं त्यात लिहिलेलं. ती पुढे करून म्हणाले, "साहेब, हे बघा. दोनच्या आधीची एकपण एंट्री नाही. आणि सगळे कप्पे वरच्या दोन लेव्हलचे. दुपारी अडलेलं पॅलेट सकाळी त्याच कप्प्यात गुपचूप जातं." सिस्टिमच्या लॉगमध्येही हे सगळं होतंच, पण दुसऱ्या शेकडो ओळींखाली. काकांच्या वहीत ते एका पानावर दिसत होतं. लिहिणाऱ्याला काय महत्त्वाचं ते कळत होतं, म्हणून.

क्रेन मॅन्युअलवर घेतली, फोर्क आत आणला. गल्लीच्या दाराची किल्ली खिशात घातली, हार्नेस चढवला आणि मी नि काका मास्टच्या शिडीने वर गेलो. वर पत्र्याखाली श्वास घ्यायला जड जात होतं. पॅलेट ज्यावर टेकतं त्या रॅकच्या आडव्या बीमच्या पुढच्या कडेवरचा रंग खरवडून आतलं पोलाद चकाकत होतं, आणि खरवड्यात लाकडाचा भुसा अडकलेला. पॅलेटची खालची फळी बीमला घासत होती. बीमला तापमापक लावला तर ४७ अंश. खाली पायथ्याशी ३२.

मग हिशोब सरळ होता. पोलाद दर अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ही क्रेन चालू केली तेव्हा जानेवारी होता. रात्री आणि पहाटे गारठ्यात एकेका लेव्हलची उंची कंट्रोलरला शिकवलेली. तेव्हा शेडमध्ये १२-१४ अंश असतील. आता वर-खाली मिळून सरासरी चाळीसच्या आसपास, म्हणजे रॅक सरासरी २६-२७ अंशांनी तापला होता. २२ मीटरवरचा बीम त्यामुळे सुमारे सात मिलिमीटर वर सरकतो. कॅरेजची उंची मोजणारा लेसर पायथ्याला बसवलेला. तो ठरलेलं अंतर बिनचूक दाखवत होता, पण बीम त्या जागी राहिलाच नव्हता. मास्टवर बारकोडची पट्टी चिकटवलेली असती तर मास्टबरोबर तीही ताणली गेली असती आणि चूक बरीचशी आपोआप भरून निघाली असती.

पण गेल्या उन्हाळ्यात हे का नाही झालं? तेव्हा पॅलेट सहा-सातशे किलोचं असायचं. यंदा नवीन कास्टिंग आलं, पॅलेट टनाला पोचलं. क्रेनच्या क्षमतेत ते बसतं, पण वजन वाढलं की बाहेर आलेला फोर्क टोकाला जास्त लवतो. फोर्कचं लवणं, फळीची वाकडी कड आणि वर हे सात मिलिमीटर, असं सगळं मिळून बीमवरची मोकळी जागा संपली होती.

त्या संध्याकाळपुरता उपाय सोपा होता. जड पॅलेट दुपारी वरच्या दोन लेव्हलला द्यायचं नाही, असा नियम गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला. अंधार पडायच्या आत हाउसिंगची गाडी सुटली.

कायमच्या उपायाबद्दल मात्र मला मनापासून सांगायचं आहे. हजारो कप्प्यांची उंची पुन्हा शिकवत बसलो असतो तर पावसाळ्यात ती परत चुकली असती. या क्रेनच्या प्रोग्रॅममध्ये "कुठे जायचं" हे ठरवणारा ब्लॉक वेगळा आणि "कसं जायचं" म्हणजे वेग, ब्रेक, मास्टचं डोलणं सांभाळणारा ब्लॉक वेगळा आहे. म्हणून बदल फक्त पहिल्यात करता आला. आता क्रेन रिकामी असली की वरच्या लेव्हलला रॅकमधल्या एका ठरलेल्या भोकासमोर जाते, कॅरेजवरच्या सेन्सरने त्याची कड शोधते आणि फरक किती ते टिपते. तो फरक उंचीच्या प्रमाणात खालच्या सगळ्या लेव्हलला वाटला जातो. ड्राइव्हच्या सेटिंगला किंवा सेफ्टी सर्किटला हात लावावा लागला नाही. मशीन विकत घेताना लोक वेग विचारतात, तासाला किती पॅलेट ते विचारतात. उद्या माल बदलला तर प्रोग्रॅममध्ये किती ठिकाणी हात घालावा लागेल, हे फार थोडे विचारतात. पुढची दहा वर्षं त्याच उत्तरावर काढायची असतात, हे मला दरवेळी तळमळीने सांगावंसं वाटतं.

मे महिन्यात दुपारी या फरकाचा आकडा आठ मिलिमीटरपर्यंत जात होता, पहिल्या पावसानंतर तो तीनवर आला. वरच्या लेव्हलचा नियम आम्ही काढून टाकला आहे. आता त्यांच्याकडे प्लास्टिकची पॅलेट येणार आहेत. त्यांची खालची बाजू वेगळी, वजनाखाली वाकणंही वेगळं. वजनानुसार फोर्कचं लवणं धरायचं काम त्याच ब्लॉकमध्ये सुरू केलंय, आणि चाचणीसाठी काकांनी सर्वांत वाकडी पॅलेट बाजूला काढून ठेवली आहेत.