पेठेच्या वह्यांत दिसलेला बाजार

सोलापुरातील नवी पेठ आणि चाटी गल्लीतील काही दुकानांचे हिशेब मी लिहितो. टाळेबंदी उठली, शटर वर गेली आणि बाजार सावरला, असे जो तो म्हणत होता, तेव्हा माझ्यासमोरच्या वह्यांत मात्र तसे काही दिसत नव्हते.

जून २०२० मध्ये रस्त्याची एक बाजू एका दिवशी आणि समोरची दुसऱ्या दिवशी, अशा पाळीने दुकाने उघडली. जुलैत १७ ते २६ तारखेपर्यंत शहर पुन्हा कडकडीत बंद झाले. तरीही खरा घाव मला एप्रिल-मे २०२१चा वाटतो, कारण तेव्हा लागोपाठ दुसरी लगीनसराई बुडाली. बस्त्याचे कापड विकणाऱ्याचे वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवर उभे असते, आणि पंचवीस माणसांत उरकलेल्या लग्नाचा बस्ता पुढे कोणी बांधायला येत नाही.

आपल्या पेठेचे गिऱ्हाईक प्रामुख्याने पूर्व भागातले: यंत्रमाग कामगार आणि विडी वळणाऱ्या स्त्रिया. या स्त्रिया तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणतात, विड्या वळून माल परत देतात. ही ने-आण थांबली की मजुरीही थांबते. यंत्रमागांचा खडखडाट पुन्हा सुरू होतो न होतो तोच सुताचे भाव चढले. म्हणूनच २०२१च्या दिवाळीत गल्लीत गर्दी आणि गल्ल्यात चिल्लर, असा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला.

सरकारने मे २०२०मध्ये आणलेल्या पतहमी योजनेत येणे कर्जाच्या २० टक्के जादा कर्ज चार वर्षांच्या मुदतीने मिळत होते आणि पहिले वर्ष मुद्दल भरावे लागत नव्हते. माझ्याकडील दुकानदारांनी ते घेतले ते भाडे, नोकरांचे पगार आणि सुरतची देणी भागवण्यासाठी; माल भरायला फारसे उरलेच नाही. मुद्दलाचे हप्ते सुरू झाले तेव्हा दुसरी लाट नुकतीच ओसरत होती! त्यापेक्षा फेरीवाल्यांचे स्वनिधी कर्ज लहान असूनही अधिक नेमके ठरले, असे माझे मत आहे. तेव्हा मिळणाऱ्या १०,००० रुपयांत हातगाडीवरचा माल एकदा तरी भरता यायचा, आणि परतफेड वेळेवर केली की पुढे २०,००० आणि मग ५०,००० मिळायचे.

जानेवारी २०२३मध्ये होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, पुन्हा पूर्वीसारखा भरला. त्याच महिन्यात चाटी गल्लीतील एका दुकानदाराने मार्च २०२०पासून बंद ठेवलेली उधारीची वही माझ्यासमोर उघडली आणि पूर्व भागातील एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नावे दोन साड्या मांडायला सांगितल्या.