खाली आग लावायची का?
आज दिवसभर मेहसाण्यात एका जुन्या तेलसाठ्याची पत्रिका जुळवत बसलो होतो: आत उरलेलं तेल बाहेर काढायला कुठली पद्धत जमेल? खोली, तापमान, खडकातली वाट किती मोकळी, तेल किती घट्ट. पॉलिमर घालून दाट केलेलं पाणी आत सोडायचं? तेल काकवीसारखं, जमायचं नाही. वाफ? हजार मीटर खाली पोचेपर्यंत बरीच निवते. कार्बन डायऑक्साइड? इतक्या जड तेलात नीट मिसळत नाही. उरली आग! हवा आत दाबायची, थोडं तेल खालीच जाळायचं. त्या उष्णतेनं बाकीचं पातळ होऊन विहिरीकडे सरकतं. इथल्याच बलोल तेलक्षेत्रात १९९० साली हा प्रयोग झाला होता.

आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "अरे, तेल काढायला तेलच जाळता?"

आता तिला काय सांगू! उद्या कोअरचे, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाचे, नमुने बघायचेत.