ट्रॅप शूटिंग, बंदुकीचं लायसन्स आणि आजोबांची घरपट्टी

गोव्यात राहून ज्यांना क्ले पिजन शूटिंग (हवेत उडणारी तबकडी शॉटगनने फोडायचा खेळ, ट्रॅप हा त्याचाच प्रकार) सिरियसली करायचंय त्यांनी सगळ्यात आधी घरपट्टी कुणाच्या नावावर आहे ते बघा, मी खरंच सांगते. बंदुकीच्या लायसन्ससाठी माझं सेफ्टी ट्रेनिंग, मेडिकल, ऑनलाईन फॉर्म सगळं पटापट झालं. फाईल पोलीस व्हेरिफिकेशनला गेली आणि तिथेच बसली.

आमची घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. आधारवर पत्ता तोच, वोटर कार्डावर तोच, तरी विचारलं या घरात तुझं नाव कुठाय? पहिल्या खेपेला "सायब भायर गेल्यात, सोमारा यो गो बाय". सोमवारी बाबांची एनओसी मागितली, ती दिली तर काकांची पण सही पाहिजे, आणि काका मस्कतला. मग एकाने विचारलं, कुळागरात (म्हणजे सुपारीच्या बागेत) रानडुकरं येतात काय? इथे बंदूक म्हणजे शेती राखायला, एवढंच त्यांना माहीत. मी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, 110 मिमीची तबकडी मशीनमधून उडते ती फोडायची, पक्षी कुणी मारत नाही, 2004 ला अथेन्स ऑलिंपिकला राज्यवर्धन राठोडनी सिल्व्हर आणलं ते डबल ट्रॅपमध्येच, म्हणजे याच खेळाच्या एकदम दोन तबकड्यांच्या प्रकारात. ऐकून घेतलं, पण कागद हलला नाही. काकांची सही कुरियरने आली आणि 16 मार्च 2024 ला आचारसंहिता लागली! जूनपर्यंत सगळं बंद.

तेवढे महिने मी मडगावहून राजधानी पकडून दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर क्लबच्या गनने प्रॅक्टिस केली. शॉटगनला मागची साईट (नेम धरायची खूण) नसते, आपला डोळाच मागची साईट, म्हणून स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा बंदुकीचा मागचा भाग, दर वेळी गालाला सारखा बसावा लागतो. क्लबच्या गनचा स्टॉक मला लांब, दर वेळी मान पुढे काढून मारायचे आणि ती सवय मोडायला नंतर कितीतरी राऊंड गेले. हा राग अजून जात नाही. एका राऊंडला 25 टार्गेट, प्रत्येकाला दोन शॉट मारता येतात, म्हणजे 50 काडतुसं सुद्धा जातात, खर्चाचा हिशोब तसा धरा.

लायसन्स शेवटी पावसात मिळालं, मी पायरीवरच रडले. हां, आणि दिलेल्या प्रत्येक कागदाच्या कॉपीवर इनवर्ड नंबर आणि शिक्का मारून घ्या, माझी बाबांची एनओसी दोनदा हरवली होती त्यांच्याकडे.