तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा पास कोणी करायचा?

"डॉक्टर, पैदाशीला लावायच्या आधी घोडा तपासून पास करायला हवा का? की घोडी माजावर आली आणि जवळपास नर आहे, एवढं पुरे?" ठाण्यात घोड्यांची डॉक्टरकी करताना हे मला सारखं विचारलं जातं. विचारणारे बहुतेक वरातीच्या घोडीचे मालक. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नसतात, घोडी नुसती उभी, चंदी मात्र चालूच. त्या दिवसांत ती गाभण राहिली तर अकरा महिन्यांनी, पुढच्या पावसाळ्यात, शिंगरू होतं आणि सीझन फारसा बुडत नाही. हिशेब चोख आहे. घोळ होतो तो नर निवडताना.

तर हो, पास करायलाच हवा. खरं म्हणजे परीक्षा आताही होतेच, फक्त ती वरातवाले घेतात. नुकरा, म्हणजे पांढराशुभ्र आहे का? उंची किती? मारवाडी जातीचा असेल तर कानांची टोकं जुळतात का? सारंगखेड्याच्या यात्रेतही आधी रंग बघतात, भोवरे बघतात. नुकऱ्याची गुलाबी कातडी मे महिन्यात पाम बीच रोडच्या उन्हात कशी भाजते, हे नवरदेवाच्या मामाला कळायचं कारण नाही. मालकाला कळतं, तरी पुढचं शिंगरू त्याला पांढरंच हवं असतं!

मी नर बघतो तेव्हा आधी त्याला डांबरी रस्त्यावर सरळ चालवायला सांगतो, दोर ढिला सोडून. आपण मागे उभं राहायचं. मागचे सांधे आत वळून एकमेकांना घासतात का, खूर सरळ पडतो की बाहेर फेकला जातो, हे मागूनच दिसतं. मग ओठ वर करून दात बघायचे. वरची ओळ खालच्या ओळीच्या पुढे आलेली असेल तर तो नर नको. मग दोन्ही वृषणं उतरली आहेत का ते चाचपायचं. एक पोटातच राहिलेला घोडाही लोक "चालतो की" म्हणून लावतात, आणि हा दोष पोरांत उतरू शकतो. स्वभावाचं मालकाला विचारू नका, नालबंदाला विचारा. आणि ग्लँडर्सचा रक्ताचा रिपोर्ट हवाच. तो रोग माणसालाही होतो आणि त्यावर लस नाही.

जर्मनीत हॅनोव्हर जातीचे नर अडीच वर्षांच्या सुमारास पंचांपुढे येतात. बांधा, चाल, उडी, पायांचे एक्स-रे, पुढे खोगिराखालची परीक्षा. नापास झालेला खच्ची होऊन रपेटीला जातो, त्यात कोणाची अब्रू जात नाही. आपल्याकडे मात्र खच्ची म्हटलं की मालकाचा चेहराच उतरतो.

पण नुसत्या डोळ्यांच्या परीक्षेवरही माझा भरवसा नाही. अमेरिकेत 1969 साली जन्मलेला 'इम्प्रेसिव्ह' नावाचा क्वार्टर हॉर्स जातीचा नर होता. भरदार स्नायूंमुळे पंच खूश, म्हणून त्याच्याकडे घोड्यांची रीघ. ते स्नायू ज्या जनुकदोषामुळे फुगत होते, त्यानेच त्याच्या वंशात अंग थरथरून घोडा कोसळण्याचा आजार पसरला. एका पालकाकडून दोष आला तरी पुरतो. दोन्हींकडून तो घेतलेल्या शिंगरांची नोंदणी तिथल्या संघटनेने 2007 पासून बंद केली. उलट टोकाला नेदरलँड्सची फ्रिझियन जात, तिथे नरच कमी पडले. 1913 साली त्यांच्या वंशनोंदीत तीनच नर उरले होते. आजही त्या जातीत बुटकी किंवा डोक्यात पाणी झालेली शिंगरं जन्मतात. म्हणून चाळणी रोगाला आणि पायांना लावा, रंगाला नको. फॅशनची चाळणी लावली तर आपल्या भीमथडीसारख्या संख्येने लहान घोड्यांच्या जातीत नर उरणारच नाहीत.

सरकारी सक्ती? नको. दुसऱ्या वर्षापासून दाखले चहाच्या टपरीवर मिळतील. जातीच्या संघटनेने नोंदणीशी परीक्षा जोडावी, एवढं बस्स.

तोवर घोडीवाल्याने नरवाल्याला तीन गोष्टी मागाव्यात: घोडा चालवून दाखव, रिपोर्ट दाखव आणि त्याची आधीची शिंगरं कुठे आहेत ते सांग. काचकूच करू लागला तर घोडी घरी आणा. नाहीतरी साधारण 21 दिवसांनी ती पुन्हा माजावर येते, तेवढ्यात बदलापूर-मुरबाडकडे दुसरा नर बघून होतो.