लुव्हेनची फुटकी कम्युनिटी, तीन रात्री आणि एक लायडेन

मंडळी, मागच्या अपडेटमधे डीबीएलपीवर (कॉम्प्युटर सायन्सचे पेपर मिळून लिहिणाऱ्यांचा ग्राफ, माणूस म्हणजे नोड, दोघांनी मिळून पेपर लिहिला की मधे एज) लुव्हेन (ग्राफमधले दाट जोडलेले गट, म्हणजे कम्युनिटी, शोधणारा अल्गोरिदम) चालवून लई खूश झालो होतो ते विसरा. सहज म्हणून एक कम्युनिटी वेगळी काढून प्लॉट केली तर दोन ढिगारे, मधे एक एज नाही. ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही ते एका गटात!

पहिला संशय अर्थात स्वतःवर. आणि घोळ निघालाच, स्नॅपच्या (स्टॅनफर्डचा ग्राफ-डेटाचा साठा) फाइलमधे नोड ३,१७,०८० पण आयडी चार लाखाच्या पुढं, मधले नंबर गाळलेले, आणि आयग्राफला (ग्राफची लायब्ररी) एजलिस्ट (एजची यादी) तशीच वाचायला दिली की प्रत्येक गाळलेल्या नंबरचा एक एकटा नोड तयार. तरीच कम्युनिटी लाखाच्या घरात दिसत होत्या आणि मी बिचाऱ्या रिझोल्यूशनला (गट किती बारीक पडतात ते ठरवणारा आकडा) शिव्या घालत होतो. आयडी नव्यानं लावले, रात्री दीडला ओरडलो, भाऊ उठून म्हणतो "काय करालास बे?"

पण फुटकी कम्युनिटी जागच्या जागी.

तीन रात्री त्यात गेल्या (एकदा लाइट गेली, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात लॅपटॉप माझ्याआधी घामाघूम). शेवटी कळलं, खोड २००८च्या लुव्हेनचीच आहे. सात रस्त्याचा चौक धरा, दोन्हीकडच्या वस्त्या फक्त त्याच्यामुळं जोडलेल्या, आता चौकच शेजारच्या गटात गेला तर मागचे दोन तुकडे जुन्याच लेबलखाली पडून राहतात, कुणी एकट्यानं हलून मॉड्युलॅरिटी (गटवारी किती चांगली त्याचा गुण, लुव्हेन तोच वाढवतं) वाढत नाही, आणि पुढच्या लेव्हलला सगळ्यांचा मिळून एकच नोड, मग सुटायचं कसं? २०१९चं लायडेन (लुव्हेनचीच सुधारलेली आवृत्ती) गटाचा नोड करायच्या आधी रिफाइनमेंट करतं, म्हणजे गट आतून पुन्हा तपासून गरज पडली तर तोडतं, त्यामुळं कम्युनिटी आतून जोडलेली असणारच. चालवलं, सगळ्या तपासल्या. फुटक्या शून्य!! दोनदा मोजल्या.

बाकी नेटवर्कएक्स (पायथनची ग्राफ लायब्ररी) कराटे क्लबच्या (शिकताना वापरतात तो छोटा ग्राफ) ३४ नोडला झकास, पण एवढ्या ग्राफला आयग्राफच घ्या.

आता इन्फोमॅप (गट शोधायची दुसरी पद्धत) लावणार होतो, पण हे टाइप करता करता हिशोब केला. एज १०,४९,८६६, दुपटीचं वर्गमूळ साधारण १,४४९. आत याच्यापेक्षा कमी एज असलेला गट म्हणजे छोटे गट चिकटवलेले असू शकतात, मॉड्युलॅरिटीची रिझोल्यूशन लिमिट ती हीच. म्हणजे शिव्या अगदीच वाया गेल्या नव्हत्या. चारपाच जणांनी मिळून पेपर लिहिणाऱ्यांच्या ग्राफमधे हे कसं चालणार? म्हणून इन्फोमॅप नंतर, आधी लायडेनच पण मॉड्युलॅरिटी काढून तिच्याजागी सीपीएम (कॉन्स्टंट पॉट्स मॉडेल, गटवारी मोजायचा दुसरा गुण). तिथं गामा (त्याचा रिझोल्यूशनचा आकडा) म्हणजे सरळ घनता (शक्य तेवढ्या एजपैकी किती आहेत), गटाच्या आत तेवढी तरी हवी. ०.०१ पासून सुरू करतोय. डीबीएलपीवर कुणी गामा लावून बघितलाय का?