पॉम फाईलमधून एक्लिप्स बाहेर काढताना

मेव्हन या बिल्डच्या साधनावर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं म्हणजे बिल्ड) चालणारा 11 मॉड्यूलचा जावा प्रकल्प. मेव्हनला द्यायच्या सूचना पॉम नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये असतात. टीममधले काही जण एक्लिप्स या एडिटरवर, काही इंटेलिजेवर, आणि आपोआप बिल्ड करणाऱ्या सीआय सर्व्हरवर तर कुठलाच एडिटर नाही. तरी लॉगमध्ये अधूनमधून एक इशारा यायचा: ऑर्ग.एक्लिप्स.एमटूई गटातलं लाइफसायकल-मॅपिंग 1.0.0 हे प्लगइन (मेव्हनला जोडायचा भाग) मिळत नाही. मिळणार कुठून? या नावाचं प्लगइन मेव्हन सेंट्रल या सार्वजनिक साठ्यावर नाहीच. ते नुसतं नाव आहे, एक्लिप्सला मेव्हनशी जोडणाऱ्या एमटूईने स्वतःला लिहून ठेवलेली चिठ्ठी. फक्त ती ठेवली आहे सगळ्यांच्या पॉममध्ये.

ती तिथे येते कशी, हे कळल्याशिवाय काढायला जाऊ नये. एमटूई 1.0 जून 2011 मध्ये एक्लिप्स इंडिगोबरोबर आलं. त्याआधीच्या आवृत्त्या एक्लिप्सच्या बिल्डमध्ये मेव्हनच्या लाइफसायकलचा (बिल्डच्या ठरलेल्या टप्प्यांचा) बराच भाग तसाच चालवायच्या. त्यात एडिटर रेंगाळायचा, आणि नक्की काय चाललं याचा भरवसा नसायचा. 1.0 पासून नियम कडक झाला. प्रत्येक प्लगइनच्या प्रत्येक गोलचं (म्हणजे त्याच्या एकेका कामाचं) एक्लिप्सच्या आत काय करायचं, म्हणजे चालवायचा, सोडून द्यायचा की एखाद्या कॉन्फिगरेटरकडे सोपवायचा, हे कुठेतरी लिहिलेलं हवं. नसेल तर पॉमवर लाल फुली: 'प्लगइन एक्झिक्यूशन नॉट कव्हर्ड बाय लाइफसायकल कॉन्फिगरेशन'. फुलीवर क्विक फिक्स (एडिटरचा तयार उपाय) मागितला की दोन-तीन पर्याय येतात आणि त्यातला एक पॉममध्येच कायमची नोंद करतो. फुली गेली, कमिट झालं, आणि एका माणसाच्या एडिटरची तक्रार सगळ्यांच्या बिल्ड फाईलमध्ये कायमची राहायला आली.

इशारा अधूनमधूनच का यायचा, याने बराच वेळ खाल्ला. पॉममधला हा तुकडा प्लगइन-मॅनेजमेंट या प्लगइनच्या सेटिंग्जच्या विभागात असतो, प्रत्यक्ष प्लगइन्सच्या यादीत नाही. म्हणून साधं 'एमव्हीएन इन्स्टॉल' त्याला हातही लावत नाही. पण 'जेटी:रन'सारखी छोट्या उपसर्गाची आज्ञा दिली, की तो उपसर्ग कुठल्या प्लगइनचा हे शोधायला मेव्हन पॉममधली प्लगइनं चाळतो. यादीत सापडलं नाही तर प्लगइन-मॅनेजमेंटही चाळतो आणि तिथल्या प्रत्येकाचं वर्णन उतरवू पाहतो. मग या नसलेल्या प्लगइनसाठी रिपॉझिटरीकडे हेलपाटा होतो. इशाऱ्याने बिल्ड पडत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

काढण्याआधी मोजदाद केली. 'गिट ग्रेप' या शोधायच्या आज्ञेने ऑर्ग.एक्लिप्स.एमटूई शोधलं तर पॅरेंट पॉममध्ये (सगळ्या मॉड्यूलच्या सामायिक पॉममध्ये) एक मोठा तुकडा आणि तीन मॉड्यूलमध्ये सुटे तुकडे निघाले. सरळ डिलीट करायचा मोह आवरला, कारण आतल्या नोंदी दोन जातींच्या असतात आणि त्यांना एकच न्याय लावला की घोळ होतो.

पहिली जात 'इग्नोर'. डिपेंडन्सी प्लगइनचा कॉपी गोल, एनफोर्सर, अँटरनचं पॅकेजिंगचं काम. एक्लिप्समध्ये यांची गरज नाही, नोंद फक्त फुली घालवायला आहे. दुसरी जात 'एक्झिक्यूट'. आमच्याकडे स्कीमावरून जावा क्लास तयार करणारा एक गोल होता. ही नोंद उडवली तर मेव्हनला काही फरक पडत नाही, पण एक्लिप्समध्ये तयार होणारे क्लास गायब आणि त्यांना वापरणारं प्रत्येक मॉड्यूल लाल. पहिल्या जातीला पर्यायी जागा दिली नाही तर एखादी फुली तेवढी परत येते. दुसरीला नाही दिली तर काम थांबतं.

पर्यायी जागा म्हणजे वर्कस्पेसची (एक्लिप्सच्या कामाच्या फोल्डरची) मॅपिंग फाईल. प्रेफरन्सेस, मेव्हन, लाइफसायकल मॅपिंग्ज इथे गेलं की ती उघडता येते. मुळात ती वर्कस्पेसच्या .मेटाडेटा फोल्डरमध्ये एमटूई कोअरच्या कप्प्यात असते. आतली रचना पॉममधल्या तुकड्यासारखीच: प्लगइनचा ग्रुप आयडी, आर्टिफॅक्ट आयडी, आवृत्तीचा पल्ला, गोलची नावं आणि शेवटी कृती. म्हणून पॉममधली प्रत्येक 'प्लगइन एक्झिक्यूशन' नोंद उचलून इथे जशीच्या तशी चिकटवता येते. मग त्याच पानावरचं रीलोडचं बटण, आणि प्रकल्पावर ऑल्ट+एफ5 दाबून अपडेट प्रोजेक्ट. रीलोड विसरलं तर काहीच बदललेलं दिसत नाही आणि माणूस एक्सएमएलमध्ये नसलेली चूक शोधत बसतो.

त्याच पानावर फाईलची जागा बदलायचीही सोय आहे. ती मला सगळ्यात उपयोगी वाटली. मॅपिंग फाईल कोडच्या सामायिक रेपोमध्येच, पण बिल्डशी संबंध नसलेल्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. एक्लिप्सवाल्यांनी आपापल्या वर्कस्पेसला तिचा पत्ता द्यायचा. इंटेलिजेवाल्यांना ती कधी उघडावी लागत नाही आणि मेव्हनला तिचा पत्ताच नाही. नवीन वर्कस्पेस केला की पत्ता पुन्हा द्यावा लागतो, हे मात्र सेटअपच्या टिपणात लिहून ठेवलं.

दोन ठिकाणी अडलो. एक, प्राधान्यक्रम. एमटूई आधी पॉममधलं मॅपिंग बघतं, मग पॅरेंटमधलं, त्यानंतर वर्कस्पेसची फाईल, आणि मग एक्लिप्समध्ये घातलेली एक्स्टेंशन्स व खुद्द मेव्हन प्लगइनच्या जारमध्ये दिलेलं मॅपिंग. म्हणजे पॅरेंटमध्ये एक जुनी 'इग्नोर' नोंद राहून गेली, तर वर्कस्पेसमधल्या 'एक्झिक्यूट'ला कुणी विचारत नाही, आणि तक्रारही येत नाही. दुसरं, आवृत्तीचा पल्ला. क्विक फिक्स त्या वेळी वापरात असलेल्या आवृत्तीपासून पुढचा पल्ला लिहितो. जुन्या ब्रांचवर तेच प्लगइन मागच्या आवृत्तीचं असेल, तर नोंद लागू पडत नाही आणि फुली परत येते. पल्ल्याची खालची टोकं आम्ही हाताने खाली आणली.

'एक्झिक्यूट'च्या नोंदीत आणखी एक जपायचं: 'रन ऑन इन्क्रिमेंटल'. काय बदललं ते न बघता दर वेळी सगळ्या फाईली नव्याने लिहिणारा गोल असेल आणि हे चालू असेल, तर लिहिलेल्या फाईली बघून एक्लिप्स पुन्हा बिल्ड सुरू करतं, त्यातून पुन्हा फाईली, आणि हे चक्र थांबत नाही. अशा गोलला फक्त 'रन ऑन कॉन्फिगरेशन' द्यावं. स्कीमा बदलली की ऑल्ट+एफ5 हाताने दाबायचं, बस.

यावर जवळचे वाटणारे रस्तेही तपासले. तुकडा प्रोफाइलमध्ये (अट पुरी झाली तरच लागू होणाऱ्या भागात) टाकून 'एमटूई.व्हर्जन' ही प्रॉपर्टी असेल तरच चालू करता येतो. इशारा जातो, ओळी पॉममध्येच राहतात. मग ते प्रोफाइल प्रत्येकाच्या सेटिंग्ज.एक्सएमएलमध्ये नेऊ म्हटलं, तर तिथल्या प्रोफाइलला बिल्डचा भाग ठेवताच येत नाही. प्रॉपर्टी आणि रिपॉझिटरी, एवढंच. एमटूई 1.7 पासून एक्झिक्यूशनच्या आत एका ओळीची प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शन (एक्सएमएलमधली फक्त एमटूईने वाचायची सूचना) लिहिता येते. वीस-पंचवीस ओळींपुढे ती सोसवते, मेव्हन तिच्याकडे ढुंकून बघत नाही. पण शेवटी तीही एका एडिटरची ओळ. पॅरेंट पॉम बाहेर प्रकाशित होत असेल तर अशी कुठलीच ओळ त्यात नको, कारण सेंट्रलवर गेलेली आवृत्ती नंतर बदलता येत नाही.

बदल तपासायला 'हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम'चं आउटपुट, म्हणजे पॅरेंटसकट सगळं एकत्र केलेला पॉम, आधी आणि नंतर फाईलमध्ये घेतलं आणि दोन्हींचा डिफ, म्हणजे फरक, काढला. त्यात एमटूईचे तुकडे सोडून एकही ओळ हलायला नको. आमच्याकडे एका मॉड्यूलमध्ये शेजारचं सोर्स एन्कोडिंगही चुकून उडालेलं इथेच सापडलं. मग 'मेव्हन.रेपो.लोकल'ला (उतरवलेल्या फाईली ठेवायच्या जागेला) रिकामं फोल्डर देऊन पूर्ण बिल्ड केलं, म्हणजे जुन्या कॅशने सांभाळून घेतलेलं काही असेल तर ते उघडं पडतं.

याच ओघात एक्लिप्सच्या स्वतःच्या नोंदी, म्हणजे .प्रोजेक्ट, .क्लासपाथ आणि .सेटिंग्जही रेपोतून काढले. जावाची आवृत्ती आणि एन्कोडिंग एमटूई पॉममधूनच घेतं, तेव्हा त्या दोन प्रॉपर्टी पॉममध्ये हव्यातच. त्या बिल्डच्या आहेत, एडिटरच्या नाहीत. 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' दिलं की आपल्या डिस्कवरच्या फाईली राहतात. पण तो कमिट दुसऱ्याने पुल केला की त्याच्या डिस्कवरून त्या जातात, आणि एक्लिप्सला प्रकल्पच ओळखू येत नाही. हे आधी सांगून ठेवावं. उपाय सोपा आहे: वर्कस्पेसमधून प्रकल्प काढायचा, पण डिस्कवरून डिलीट करायच्या खुणेला हात लावायचा नाही, आणि 'एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स' म्हणून पुन्हा इम्पोर्ट करायचा. आपल्या एकट्याच्या सवयीच्या फाईलींसाठी सामायिक गिटइग्नोर (गिटने बघू नयेत अशा फाईलींची यादी) वाढवत बसू नये. गिट फोल्डरमधली इन्फो/एक्सक्लूड किंवा होम फोल्डरमधली ग्लोबल इग्नोर त्यासाठीच आहे.

क्विक फिक्स तिथेच आहे, त्यामुळे नोंद परत येणारच. म्हणून सीआयमध्ये पॉम फाईलींवर 'एमटूई'साठी गिट ग्रेप लावला. प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनही त्यात पकडली जाते. सापडलं तर गिट ग्रेप 0 परत देतो, नाही तर 1, म्हणजे आपल्याला हवं त्याच्या उलट. पुढे उद्गारचिन्ह लावून उलटवायला गेलो तर तपासणी कायम पास व्हायला लागली, कारण उद्गारचिन्हाने उलटवलेल्या आज्ञेवर बॅशचा 'सेट -ई' (आज्ञा फसली की स्क्रिप्ट थांबवणारा) थांबत नाही. सरळ इफ लिहून आत एक्झिट 1 दिलं, मुद्दाम एक नोंद टाकलेली ब्रांच पुश केली, आणि ती पडली तेव्हाच मर्ज केलं.